म्हस्कूआबांचं उपाशी रक्त

सणसरच्या म्हस्कूआबांनी गजीच्या नाचात पहिलं पाऊल टाकल्याशिवाय ढोलाला रंग चढत नाही. तरुणपणी मेंढरांमागं घाट तुडवलेले पाय ते! मेंढरं गेली, ऊस आला, आणि यंदा त्या पायांना झिणझिण्या येऊ लागल्या. तळव्याखाली कुणी वाळू पसरल्यासारखं वाटायचं. आबा पाय झटकून चालत राहिले. पण बायकोच्या, सारजाबाईंच्या नजरेतून सुटतंय काय? आणि सारजाबाईंना कळलं म्हणजे शेजारच्या छबूबाईंना कळलं, म्हणजे भिगवणच्या मासळीबाजारापर्यंत गेलंच म्हणा.

"साखर झाली असंल," छबूबाईंनी ओट्यावरूनच निदान केलं. "माझ्या मावसदिराचा पायच काढला की!"

झालं, आबांचा चेहरा उतरला. गावची यात्रा तोंडावर, आणि पायच गेला तर नाचायचं कशानं? शेवटी सारजाबाईंनीच बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडं नंबर लावला. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. रक्त दिलं आणि आकडा बघून बाईंच्या भुवया वर गेल्या.

"आबा, सकाळपासून काही खाल्लंत?"

"बिरोबाची आण, घास न्हाय पोटात!"

सारजाबाईंनी त्यांच्या मिशीत अडकलेला चोथा चिमटीनं काढला. "मग ह्ये काय?"

"ऊस हाय," आबा भाबडेपणानं म्हणाले. "एस्टीची वाट बघत हुतो, बांधावरचं एक कांडं चघळलं. ऊस काय खाणं हाय व्हय? खाणं म्हंजी भाकरी!"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग आबांना डोळे मिटायला लावून तळव्याला बारीक धागा टेकवला. आबा गुदगुल्यांनी असे उडाले, की बाहेरची रांग आत डोकावली.

"पाय चांगले जागे आहेत तुमचे! उद्या पुन्हा उपाशी या. ऊससुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सारजाबाईंनी थांब्यावर त्यांचा हात धरूनच ठेवला. गावाला वाटलं, म्हातारपणी काय हे प्रेम!

साखर निघाली, पण काठावरची. झिणझिण्या बहुधा एक जीवनसत्त्व कमी पडल्यानं. तुळशीची माळ घातल्यापासून आबांचं मटण बंद होतं ना. बाईंनी गोळ्या दिल्या, चहा फिका करायला लावला, ऊस बंद केला आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं.

"आन् नाच?" आबांनी जीव मुठीत धरून विचारलं.

"खुशाल नाचा. फक्त अनवाणी नको."

यात्रेत ढोल घुमला. आबा उतरले ते नातीचं, छकुलीचं ऐकून घेतलेले पोपटी बूट घालून.

"म्हस्कूआबा, पाय हायत का अजून?" छबूबाई ओरडल्या.

"दोन्ही हायत! मोजून घे!" म्हणत आबांनी पहिलं पाऊल टाकलं.