गाईचं मिनरल आणि नातीचा डोळा

आमच्या नातीचा डावा डोळा तिचं ऐकत नव्हता. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट, ती दुसरी-तिसरीत असंल. डोळा मिचमिच करायचा, मग खांदा वर उडायचा, आणि घशातनं "हुं" असा आवाज निघायचा. दारात पाव्हणा आलाय आणि घरच्या बाईला तो आवडला नाही, तसा. वरकुट्याच्या शाळेतली पोरं तिला इंडिकेटर म्हणायला लागली. "डावीकडं वळायचंय का गं?" मास्तरांना वाटलं, पोरगी मुद्दाम डोळा मारती. त्यांनी तिला वर्गात उभी केली. दुसऱ्या दिवशी पोरीनं दप्तर ज्वारीच्या पोत्यामागं टाकलं आणि म्हणाली, "मी शाळंत जाणार न्हाय."

मी चौथी शिकलेला. घरात मेंढरं होती तोवर शाळेची कुणाला आठवणच आली नव्हती. पण माझ्या बायकोला सही येत नव्हती, म्हणून की काय, ह्या पोरीला शिकवायचंच असं तिनं धरलं होतं. बायको जाऊन आता दोन पावसाळे झाले. गेल्यापासनं घरात मला कुणी उलटं बोलत नाही, आणि त्यात काडीचं सुख नाही.

तर तेव्हा हिनं, माझ्या बायकोनं, आधी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की सगळ्या घराचे डोळे मिचमिचायला लागले. मी म्हणलं, "आता कुणाकुणाला डॉक्टरकडं न्यायचं?"

इंदापूरच्या डॉक्टरांनी बारामतीच्या लहान पोरांच्या डॉक्टरकडं धाडलं. ते बरे होते. पोरीशी आधी बोलले, मग आमच्याशी. म्हणाले, "लहान मुलांना होतं असं. ती मुद्दाम करत नाही, रागावू नका. वेळेवर झोपवा, चहा बंद करा. मॅग्नेशियम कमी पडत असेल तर बघू, म्हणून ही बाटली देतो. औषध नव्हे, खाण्याला जोड आहे. फरक पडेलच असं मात्र सांगत नाही."

हिनं विचारलं, "म्हंजी गाईला पेंड घालतो तसं?"

डॉक्टर हसले. "तसंच समजा."

शिकलेल्या माणसानं हे बोलायला नको होतं.

येताना जळोचीला हिच्या बहिणीकडं टेकलो. तिनं पोरीपुढं कपबशी ठेवली. डॉक्टरनं चहा बंद केलाय म्हणलं, तर म्हणती, "दाजी, ह्यो चहा कुठाय, ह्यो पाव्हणचार हाय."

बाटली संपली, डोळा काही थांबला नाही. परत बारामतीला जायचं तर आख्खा दिवस मोडतो, आणि गाई धारेला कुणाची वाट बघत नाहीत. अशात गोठ्यात ही मला हाक मारून म्हणाली, "अवं, ह्या पिशवीवर काय लिवलंय, वाचा की."

डेअरीतनं आणलेलं गाईचं मिनरल मिक्श्चर होतं ते. मी एकेक अक्षर लावत वाचलं. "कॅल्शियम. फॉस्फरस. म्याग्नेशियम."

ही एवढंच म्हणाली, "बघा."

तिचं बरोबर होतं की. आमची जर्शी व्याली तेव्हा थरथरत खाली बसली होती, मान टाकलेली. गुरांच्या डॉक्टरनं शिरेतनं बाटली लावली, तर तो सुई काढतोय तोवर गाय उठून वैरणीला तोंड लावती. त्या बाटलीत काय, तर हेच. "येवढी गाय हुबी ऱ्हायली," ही म्हणाली, "पोरीचा येवढासा डोळा ऱ्हायचा न्हाय व्हय?"

मला ह्यात कुठं खोट सापडंना. तरी मी म्हणलं, "आधी कुणीतरी खाऊन बघाय पायजे."

तिनं माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात 'कुणीतरी' म्हणलं की मीच असायचो.

दुपारी पिठल्यात घातलं. चव खडूसारखी होती, पण हिच्या हातचं पिठलं टाकायची माझी हिंमत कधी झाली नाही. त्यानंतर मी टमरेल घेऊन जो उसात शिरलो तो मावळतीपर्यंत उसाचाच झालो. आत-बाहेर, आत-बाहेर. बांधावरनं जाणारा एक जण म्हणाला, "तात्या, पाणी लई देताय उसाला." त्याला उत्तर द्यायला थांबण्याइतकी सवड नव्हती.

नेमका त्याच सांजेला गुरांचा डॉक्टर गाय बघायला आला. मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा. त्याला सगळं कळल्यावर तो खाली बसून हसला. "तात्या, गाभण हाय का तुमी?" मग हिच्याकडं वळला आणि हसणं थांबवलं. "आजी, ते गाईच्या अंगाच्या मापाचं असतं, आणि जनावरासाठी केलेलं असतं. पोरीला दिलं न्हाय न्हवं?"

"न्हाय," ही म्हणाली. एवढंच. पिशवी उचलून तिनं माळ्यावर पार कोपऱ्यात ढकलली, आणि त्या रात्री ती जेवली नाही. मी म्हणलं, "मी मेलो असतो तर जेवली असतीस का?" तर म्हणाली, "तुमी न्हाय मरत."

दुसऱ्याच दिवशी बारामती गाठून बाटली आणली. आता ही कुणावर विश्वास ठेवीना. चमचा पाजला की पोरीसमोर मांडी घालून बसायची आणि डोळ्याकडं बघायची. मी खाटेवरनं बघायचो. सून भाकरी थापता थापता बघायची. शेजारीण इरजण मागायला यायची ती बघत बसायची आणि इरजण विसरून जायची. "आला का?" "न्हाय अजून." "थांब, येतुय वाटतं." आणि झटका यायचाच. खांद्यासकट.

एक दिवस पोरगी रडत ओरडली, "तुमी बघता म्हणून लई हुतं!"

ही तिला घेऊन पुन्हा डॉक्टरकडं गेली. त्यांनी विचारलं, "घरात हिच्याकडं कोण बघत असतं?"

पोरगी म्हणाली, "सगळी. गाय सोडून."

डॉक्टर म्हणाले, "बाटली चालू ठेवा. पण गाईसारखं वागा." मास्तरांना त्यांनी चिठ्ठीही दिली, की हिला उभी करू नका, ती मुद्दाम करत नाही.

घरी येऊन हिनं हुकूम सोडला. पोरीच्या तोंडाकडं जो बघंल त्याला भाकरी न्हाय. आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून चमचा पुढं केला. तो गेला पोरीच्या कानात. औषध मानेवरनं परकरात उतरलं. पोरगी हसली, किती दिवसांनी, आणि हसताना तिचा डोळा मिटला का नाही ते मला ठाऊक नाही, मी खांबाकडं बघत होतो.

पुढं खांदा बसला, आवाज कमी झाला. डोळा थोडा राहिला. बाटलीनं झालं, झोपेनं झालं, का आम्ही नजरा वळवल्यानं, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मी तर चौथी.

मग एका सकाळी पोरीनं पोत्यामागनं दप्तर काढलं, झटकलं. "कुणी सोडाय यायचं न्हाय," म्हणाली आणि निघाली. ही अंगणात रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली, हातात रिकामी बादली.

"गेली का?"

"गेली."

"डोळा करत हुता का?"

"मला काय म्हाईत? तूच म्हणलीस बघायचं न्हाय."

"मग गेली कसं कळलं?"

"पायाकडं बघत हुतो."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि बादली घेऊन धारेला गेली.