निजलेल्या मारुतीच्या वाटेवरून मागं फिरलो

माझा थोरला भाऊ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जेवता जेवता गेला. हृदयविकाराचा झटका. मी त्या वयाला पोहोचलो तेव्हा माझी श्रद्धा आतून पोकळ झाली होती, हे आज कबूल करतो. दर शनिवारी मारुतीला तेल वाहत होतो, पण ते भीतीपोटी.

त्या उन्हाळ्यात शहराला पाणी नव्हतं. पडेगावकडं नव्या वसाहती भराभर उठत होत्या, नळ कुठं पोहोचलेच नव्हते, आणि महापालिकेत टँकरच्या फेऱ्या लावायचं काम माझ्याकडं होतं. दिवसभर फोन वाजायचा, कचेरीच्या दारात रिकामे हंडे घेऊन बायका उभ्या असायच्या. जिना चढताना मला दम लागू लागला. त्याचा दोष मी उन्हावर ढकलला.

मी भावाच्या वयाला आलो म्हणून शेवटी बायकोनं हट्टानं डॉक्टरांकडं नेलं. भाऊ कसा गेला ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा सीटी स्कॅन करून घ्या. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचायला लागलं असेल, तर आधीच कळतं." दम लागतो हे मी त्यांना सांगितलंच नाही. दोनदा वेळ घेतली, दोनदा टँकरचं निमित्त करून चुकवली. तिसरी वेळ शनिवारी सकाळी अकराची होती. स्कॅनला जातो असं सांगून मी घरातून निघालो, आणि पाय खुलताबादच्या रस्त्याला लागले. तिथल्या भद्रा मारुतीच्या निजलेल्या मूर्तीपर्यंत चालत जायचं, मग काही बघायची गरजच उरणार नाही, असं मी मनाला बजावत होतो. मन मात्र ऐकत नव्हतं. दर दहा पावलांना घड्याळ बघत होतो.

दौलताबादचा किल्ला दिसू लागला तसा छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं झालं. मी लिंबाखाली बसलो, शर्ट घामानं भिजलेला. तेवढ्यात शहराकडं निघालेला एक रिकामा टँकर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला.

"साहेब, तुम्ही इथं? तब्येत बरी नाय का?"

तो मला ओळखत होता. मला त्याच्या गाडीचा नंबर पाठ होता, चेहरा नव्हता. का कोण जाणे, बायकोला न सांगितलेलं सगळं मी त्या माणसाला सांगून टाकलं. भाऊ, दम, अकराची वेळ. त्यानं मला पाणी पाजलं आणि दंडाला धरून उठवलं.

"मारुतीराया तिथं निजलेला हाय साहेब, उठून कुठं चालला नाय. आधी दवाखाना. चला, बसा गाडीत."

"पण दर्शन..."

"लई बोलू नका. दम खा."

शहरात शिरताना छावणीपाशी गर्दीत अडकलो तेव्हा तो सारखा माझ्याकडं बघत होता. स्कॅनच्या ठिकाणी मला आत पोहोचवलं, तिथल्या बाईंना "यांना आधी घ्या" म्हणून सांगितलं आणि फेरी चुकेल म्हणत निघून गेला. तिथल्या डॉक्टरांना मी खरं काय होतंय ते सांगितलं. त्यांनी आधी ईसीजी काढला, मग स्कॅन. यंत्रात आडवा झालो. "श्वास घ्या, रोखून धरा," आवाज आला. मला एकदम भावाचा चेहरा दिसला, आणि मारुतीकडं काही मागायचंही सुचलं नाही. नुसता पडून राहिलो. कित्येक महिन्यांत मी तेवढा स्वस्थ झालो नव्हतो.

एका रक्तवाहिनीत बरंच साचलं होतं. त्याच आठवड्यात अँजिओग्राफी झाली, स्टेंट बसला. "झटका यायच्या आत आलात," डॉक्टर म्हणाले. बायको माझ्यावर रागावली नाही, नुसती रडली. ते मला जास्त लागलं.

त्या वेळी तो टँकर तिथून जाणं हा योगायोग असेल. मी वाद घालत नाही. बरा झाल्यावर त्याला हुडकून काढलं, पाया पडू लागलो, तर तो मागं सरकला.

महिन्याभरानं बायकोबरोबर दर्शनाला गेलो. देवावर भार टाकायचा म्हणजे डोळे झाकून घ्यायचे, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी मूर्तीकडं बघत राहिलो आणि म्हणालो, जे असेल ते दाखव, मी बघेन.