नर्सबाईची बाळंतपणं

आमच्या गावात सगळ्यात जास्त वेळा बाळंत झालेली बाई कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या नर्सबाईकडे बोट दाखवीन. आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला मूलबाळ एकही नव्हतं. पण पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या आमच्या जंगलातल्या गावात ती ज्या थाटात बाळंत व्हायची, तसं राजाची राणीही झाली नसेल. भर दुपारी चावडीसमोर खाट यायची, तिला दोन बांबू बांधले जायचे, नर्सबाई चपला काढून खाटेवर आडवी व्हायची, पांढऱ्या लुगड्याचा पदर पोटावर घ्यायची, आणि मग अशी काही किंकाळी फोडायची की पिंपळावरचे कावळे शेजारच्या गावाला मुक्कामाला जायचे. चौघे जण खाट खांद्यावर घेऊन धावत सुटायचे. मागे गावातली सगळी पोरंटोरं, दोन-चार कुत्री आणि एखादी चुकार बकरी. गावाबाहेरचा नाला ओलांडून डांबरी सडकेपर्यंत ही वरात जायची. सडक आली की नर्सबाई टुणकन उठून बसायची, घाम पुसायची आणि म्हणायची, "नाल्यात लय हलली बे खाट. उद्या पुन्हा!"

ही तालीम होती. खऱ्या बाळंतिणीला दवाखान्यात कसं न्यायचं, याची.

आता आमच्या झाडीपट्टीत तालमीचं कुणाला नवल? दिवाळी झाली की मंडईची जत्रा, मंडई झाली की नाटक. पेरणी चुकेल पण नाटक चुकणार नाही, अशी आमची माणसं. मी शाळेत मास्तर आणि नाट्यमंडळाचा दिग्दर्शक. दोन्हींपैकी लोक मला मानायचे ते दुसऱ्या कारणासाठी. पण नर्सबाईची तालीम सुरू झाली आणि आमच्या तालमीला काळं कुत्रं येईना. वडशाहून सुपारी देऊन आणलेली नटी मरणाच्या प्रवेशात रडायला लागली की मागून कुणीतरी हमखास बोलायचं, "याच्यापेक्षा आपली नर्सबाई बरी." काय अपमान हो! पण खरं सांगतो, बरीच होती.

तिनं हे खूळ काढलं त्याला कारण होतं. ती एटापल्लीकडून बदलून आमच्या उपकेंद्रात आली, त्याच उन्हाळ्यात गावातली एक पहिलटकरीण अडली. खाट तयार होती. उचलणारेही होते. पण म्हाताऱ्यांनी मोडता घातला. जिवंत माणसाला चौघांनी खांद्यावर घेऊ नये, अपशकून होतो. चौघांचे खांदे लागतात ते शेवटच्या प्रवासाला. बैलगाडी आणा म्हणाले. बैल जंगलात चरायला गेलेले. ते हुडकून आणेस्तोवर पोरगी नाल्याच्या काठावर गेली. मग चौघांनी तिला खांद्यावर घेतलंच. पुढच्या बाजाराच्या दिवशी नर्सबाई चावडीसमोर खाट टाकून त्यावर स्वतः पसरली आणि म्हणाली, "उचला मले."

म्हातारे हबकले. "अवो बाई, अपशकून होते ना!"

"होऊ द्या न माह्या माथी. पह्यले मले न्या. मी मेली नाई, त मंग कोनीच मरत नाई. आन् माह्यावानी वजनाची एक तरी बाई हाये का तुमच्या गावात? मले उचललं त साऱ्याइले उचलाल!"

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. नर्सबाई म्हणजे भरलेलं धानाचं पोतं. पहिल्याच तालमीत खाटेची सुतळी तुटली आणि ती धप्पकन खाली बसली. उठली, लुगडं झटकलं, आणि आमच्या रहीमभाईंना, म्हणजे गावच्या शिंप्याला, नवारीची पट्टी दुहेरी शिवून द्यायला लावली. रहीमभाई पुढचा डावा खांदा. मागे-पुढे सोमा आणि त्याचे दोन भाऊ. सोमा आमच्या नाटकातला कायमचा खलनायक. एवढा धिप्पाड की रंगमंचावर आला तर फळ्या करकरायच्या, पण नर्सबाईला पहिल्यांदा उचललं आणि म्हणाला, "मास्तर, यंदा मले नाटकात मारामारी नोको देऊ."

तालमीला समीक्षकही होती. भागाबाई, गावची जुनी सुईण. सगळ्यांना वाटलं होतं की नर्स आली म्हणजे सुईण तिच्याशी भांडणार. कायचं काय! भागाबाई तंबाखू मळत खाटेच्या बाजूनं चालायची आणि चुका काढायची. "एवढ्यात नोको वरडू वं. आता कळ गेली. आता सास घे. हं... आता आली, आता वरड!" नर्सबाई लगेच वरडायची. सासूच्या नावानं, सरकारच्या नावानं, आणि जिच्या बाळंतपणाची बारी असेल तिच्या नवऱ्याच्या नावानं अशी काही बोटं मोडायची की तो बिचारा गर्दीत मान खाली घालून उभा राहायचा आणि बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. शेजारच्या गावचे लोक डबे बांधून बघायला यायचे. फुटाणेवाला यायला लागला, म्हणजे समजा.

हे सोंग झालं. पण बाई नुसती सोंगाची नव्हती. एखादीला सातवा लागला की नर्सबाई त्या घरी साक्षगंधाला आल्यासारखी जाऊन बसायची. मध्ये ताट, ताटात सुपाऱ्या. खाट कोण उचलणार, घरचं लेकरू कोण सांभाळणार, सोबत कोण जाणार, बैल कोण चारणार, एकेक विचारायची आणि ज्यानं हो म्हटलं त्याच्या हातात सुपारी ठेवायची. "घेतली न? आता बाळंतपण होयेपर्यंत गाव सोडाचं नाई. मोहा वेचाले नाई, सोयरीकले नाई, कोनाच्या मातीले बी नाई!" सोमाच्या खिशात एके काळी इतक्या सुपाऱ्या झाल्या होत्या की तो कुठे मुक्कामाला जाऊच शकत नव्हता. त्याची बायको खूश होती.

आणि तिची दुसरी खोड म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उघडून बघणं. आमच्याकडे सासवांची समजूत की गरोदर बाईनं पोटभर खाल्लं तर लेकरू मोठं होतं आणि अडतं. नर्सबाई दिसली की सासवा मडकी लपवायच्या. ती सरळ आत शिरायची, झाकण काढायची, आत नुसती पेज दिसली की पाटावर बसून घ्यायची. "पोटातल्याले उपाशी ठेवता, आन् मंग म्हनता, नातू किडकिडीत काऊन? वरण कर वं. मी इथंच बसून हाओ." वरण शिजून सुनेच्या पोटात जाईपर्यंत ती हलायची नाही. तिला उठवणार कोण? धानाचं पोतं ते!

एकदा तालीम ऐन रंगात आली असताना सडकेवर कुणा साहेबाची जीप उभी राहिली. साहेब नवीन. खाटेवरची किंकाळी ऐकून पांढराफटक पडला, स्वतः उतरून मागे बसला आणि नर्सबाईला पुढच्या सीटवर घालून जीप दवाखान्याकडे पिटाळली. आता बाईनं सांगावं की नाही? नाही सांगितलं! तालीम अर्धी सोडायची नाही, हा तिचा नियम. दवाखान्याच्या दारात उतरून तिनं साहेबाला हात जोडले आणि म्हणाली, "बाळंतपन झालं जी. जीपबी पाह्यली, बरी हाये. आता खऱ्या बाईले बोलावलं त येजा." साहेब काय बोलला ते तिनं कधीच सांगितलं नाही, पण संध्याकाळी ती त्याच जीपमधून गोळ्यांची खोकी मांडीवर घेऊन परत आली.

भागाबाईनं एकदा तिला माझ्यासमोरच विचारलं, "तुले कोनी नाई का वं, बाई? मालक, लेकरू?"

"हाये न! आत्ताच त चौघांनी वाहून आनली मले," नर्सबाई म्हणाली आणि खो-खो हसली. आम्हीही हसलो. भागाबाई तेवढी हसली नाही.

मग माझ्याच घरची बारी आली. माझी बायको शांता दुसऱ्यांदा गरोदर. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, आणि ते लेकरू हाती लागलं नव्हतं. त्यामुळे या खेपेला माझा जीव टांगणीला. ताट झालं, सुपाऱ्या झाल्या, तालमी तर तीन झाल्या. दिग्दर्शक म्हणून मीही दोन सूचना केल्या. नर्सबाईनं मला सुपारी दिली नाही. "नवऱ्यानं खाट नाई उचलाची, हात कापतेत. तुमी गाठोडं धरा, मास्तर."

तान्ह्या पोळ्याचा दिवस. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. दुपारी शांता मला हळूच म्हणाली, "मले जरा कसंतरी होऊन राह्यलं." बस्स, एवढंच. मी धावत सुटलो. नर्सबाई पलीकडच्या गावी लस टोचायला गेलेली. पण खाट आली, चौघे आले, शांता आडवी झाली, वरात निघाली. माझे वडील काठी टेकत सोबत. सगळं तालमीबरहुकूम. फक्त एक गोष्ट नव्हती. आवाज.

शांता गप्प. डोळे मिटलेले, पदराचा बोळा दातात. हूं नाही की चूं नाही. नाल्याअलीकडच्या मोहाच्या झाडाखाली सोमानं खाट टेकवली आणि बिडी काढली.

"काऊन रे थांबला?" मी ओरडलो.

"टाइम हाये, मास्तर. नर्सबाई इथी येईपर्यंत कशी बोंबलते! वहिनी त काईच नाई करून राह्यली."

"अभी बहोत देर है," रहीमभाईंनीही मान डोलावली. "पहले नवऱ्याला शिव्या देंगे, फिर पानी मांगेंगे, उसके बाद."

इतक्या तालमी पाहिलेली माणसं! त्यांचं काय चुकलं? त्यांना बाळंतीण म्हणजे ठणाणा करणारी बाईच ठाऊक. मी खाटेजवळ वाकलो आणि आयुष्यातलं सगळ्यात येडपट दिग्दर्शन केलं. "शांते, अगं ओरड ना! जरा तरी ओरड! मला शिव्या दे!"

तिनं डोळे उघडले. "मामाजी हायेत न मांगं," ती माझ्या वडलांकडे नजर टाकत कुजबुजली. "लाज वाटते." आणि माझा हात असा धरला की नखं आत गेली. तिचे ओठ पांढरे झाले होते. समोर नाल्याचा तोच काठ होता.

तेवढ्यात पायवाटेवर काळी छत्री दिसली. नर्सबाईनं लांबूनच टेकलेली खाट पाहिली, छत्री मिटली आणि ते धानाचं पोतं हरणासारखं पळत आलं. शांताचं तोंड पाहिलं, पोटावर हात ठेवला, आणि दुसऱ्या क्षणी छत्री सोमाच्या पाठीत.

"मुडद्या, बिड्या पेऊन राह्यला? अरे, खरी वरडत नाई! वरडाचं काम माह्यं! खरी दात दाबून गप राह्यते! उचल!"

खाट उचलली, पण चौघांचे पाय गोंधळले. कुणी लवकर, कुणी हळू. त्यांना सवय किंकाळीच्या तालाची! नर्सबाईनं एकदा कपाळावर हात मारला, लुगडं खोचलं, आणि खाटेबरोबर धावत धावत स्वतःच बोंबलायला लागली. "माय वं! मेली वं! मास्तरा, तुह्यं वाटोळं होवो!" झालं, आठही पाय एका लयीत पडायला लागले. खाटेवर शांता गप्प, बाजूला नर्सबाई तिच्या वाटचं ओरडतेय, आणि मागे मी गाठोडं छातीशी धरून शिव्या खातोय. नाला कंबरेइतका होता. खाट हलली नाही. माझे वडील मागून धापा टाकत म्हणाले, "खुशाल वरडा, बाई! अजून जोरानं!" सडकेवर बांबूचा ट्रक आवाज ऐकूनच थांबला होता. सरदारजी ड्रायव्हर उतरून नर्सबाईलाच ट्रकमध्ये चढवायला लागला. "अरे मी नाई, हे!" ती खाटेकडे बोट दाखवत किंचाळली.

दवाखान्यात कळलं, बाळ आडवं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडलो, सगळ्यांसमोर, आणि मला काही लाज वाटली नाही. मुलगी झाली. बाहेर येताच तिनं असा टाहो फोडला की वरांड्यातला सोमा दचकून उभा राहिला. नर्सबाईनं तिला छातीशी घेतलं, एक गालगुच्चा घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे माह्यावर गेली." तिचा घसा पुढे आठवडाभर बसलेला होता.

माझी मुलगी चालायला लागली त्या पावसाळ्यात नर्सबाईची बदली झाली. एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगराकडे. "तिथी बी नाले लय हायेत," एवढंच म्हणाली. निघायच्या दिवशी नाल्याला पाणी होतं. ती ट्रंक घेऊन बाहेर आली तर दारात खाट, खाटेला बांबू, आणि चौघे उभे.

"मी काय पेशंट हाओ का बे? पायी जाते मी."

सोमानं खिशातून एक जुनाट सुपारी काढून तिच्यापुढे धरली. "घेतली हाये, बाई. आता नाई म्हनता येत नाई."

ती चपला काढून खाटेवर आडवी झाली. सगळं गाव मागे निघालं. माझे वडील काठी टेकत, शांताच्या कडेवर पोरगी, माझ्या हातात नर्सबाईची छत्री. मोहाचं झाड आलं, नाला आला. भागाबाई नेहमीसारखी बाजूनं चालत होती. "वरड न वं," ती म्हणाली, "रोजच्यावानी वरड. आयकू दे एकदा."

नर्सबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. पदराचा बोळा दातात होता. हूं नाही की चूं नाही.

सोमानं एकदा मागे वळून पाहिलं. मग पुढे बघत हळूच म्हणाला, "हे खरी हाये रे. पाय उचला."

पण त्या दिवशी कुणाचेच पाय उचलत नव्हते.