हिराकाकीची वेगळी चूल

वनिता, पूर्णा गावातल्या विधवा हिराकाकीची लेक. दोन हजार चारच्या जुलैत, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, तिच्या सख्ख्या काकाने तिचं शिक्षण बुडवलं. त्याचं नाव दामूशेठ. नाव आधी घेतो, कारण तसं हिराकाकीनेच शिकवलंय.

काकी आमची शेजारीण. चिडली की हाताला लागेल ते फेकायची. उलथनं, चप्पल, एकदा तर जिवंत खेकड्यांची टोपली. पण पाठीमागून कधीच नाही. "आदी नाव घे, मंग हान," म्हणायची. "बिननावाचा दगड भित्रा मारतो." वनिताला छेडणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरला तिने आधी नाव विचारलं, मग ते नाव घेऊन कानफटात दिली.

दामूशेठ तिचा धाकटा दीर. सामाईक शेतावर गोदामं उठली, भाडं सगळं त्याच्या खिशात. काकी त्याच्याच घराच्या पडवीत राहायची, सगळ्यांचं रांधायची, स्वतःचं नि लेकीचं धान्य मात्र मजुरीतून आणायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गोदामात खोकी उचलायची. वनिताचा डी.एड.ला नंबर लागला. शिष्यवृत्तीशिवाय फी भरणं शक्य नव्हतं, आणि शिष्यवृत्तीला कमी उत्पन्नाचा दाखला हवा. तलाठी चौकशीला घरी आला. त्याच्या लेखी एक चूल म्हणजे एक उत्पन्न.

"भावजी, येवडंच सांगा, ही आमचं खात न्हाय. पोरीचं भलं व्हईल."

दामूशेठ खुर्चीतून उठलाही नाही. "गावात माजी छी-थू करतंस काय, वहिनी? भावाच्या बायकोला टाकली म्हनतील. भाऊसाहेब, आमची एकच चूल हाय. लिवा."

काकीने कोपऱ्यातली पहार उचलली. "दामोदर!" उभ्या जन्मात तिने दिराला नावाने हाक मारली नव्हती. पहिल्या घावात चूल फुटली, दुसऱ्यात वरचा भाताचा टोप. निखारे तलाठ्याच्या पायांवर उडाले. दामूशेठने काठी घातली. तिचं उजवं मनगट कट्कन मोडलेलं मी कुंपणापाशी ऐकलं. मी आत पोचलो तेव्हा ती डाव्या हाताने पहार टेकून उभी होती.

"झाली ना वेगली? लिवा आता!"

तलाठी पाय झटकत म्हणाला, "आज वेगळी झाली, बाई. दाखला मागच्या वर्षाचा लागतो."

वनिताची जागा गेली. ती आता त्याच सामाईक जमिनीवरच्या गोदामात खोक्यांना पट्ट्या चिकटवते. काकीचं मनगट वाकडंच बसलं. अंगणात विटांची चूल मांडून ती डाव्या हाताने भाकरी थापायची, गेल्या वर्षी वारली तोवर. त्या घराच्या चुलीवरचं तिने पुन्हा तोंडात घातलं नाही. तेराव्याचं जेवण मात्र दामूशेठने मोठा मांडव घालून वाढलं. "आमची वहिनी" म्हणत डोळेही पुसले.

गोदामाच्या भाड्यावर बसलेल्या शेठ लोकांनो, हे तुम्हालाच लिहितोय. तुमच्याही पडवीत एखादी वनिता असेल. तलाठी दारात येईल तेव्हा खुर्चीतून उठा. तिचं नाव घ्या आणि खरं ते सांगा: ही माझं खात नाही. मुदत संपायच्या आत सांगा.