अब्बांचा संदल

त्या साली मी दर्ग्यावरच रुसले होते. आमचं घराणं कादरी सिलसिल्याचं, म्हणजे सूफी परंपरेतलं, जिंतूरकडच्या आमच्या गावातल्या टेकडीवरच्या दर्ग्याचे पिढीजात मुजावर, म्हणजे सेवेकरी. उरुसाला मजारीवर, म्हणजे पीरांच्या कबरीवर, चंदनाचा पहिला लेप, म्हणजे संदल, आमच्या अब्बांच्या हातचा. पण धाकटा भाऊ धर्मप्रचार करणाऱ्या तबलिगी जमातीबरोबर फिरून आला आणि म्हणाला, मजारीपुढे झुकणं म्हणजे अल्लाशी दुसऱ्याची बरोबरी करणं. आपण टेकडी चढणार नाही, असंही त्यानं सांगून टाकलं. अब्बांचे पाय लुळे पडलेले. पुढचा उरूस ते पाहतील असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. शेजारचे पाटील म्हणाले, "चाचा, आमी बाजेवर नेतो की. तुमी काय लय जड न्हाईत." पण अब्बा हट्टाला पेटले: नेईल तर माझा मुलगाच, नाहीतर संदल राहिला. बापलेक एकाच मुशीतले! मी पीरांना रोज विनवायची, माझा भाऊ होता तसा परत द्या; ते ऐकेनात, म्हणून माझा रुसवा.

उरुसाच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एस.टी. उभ्या राहिल्या आणि पिंगळीला रेल्वे धरायला निघालेले जमातीचे एक वृद्ध गृहस्थ आमच्या गावात अडकले. भावानं त्यांना जेवायला घरी आणलं.  मी म्हटलं, आता आगीत तेल. पण त्यांनी अब्बांची विचारपूस केली, सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाले, "मजार पे सर मत झुका. मगर बाप के लिए पीठ झुकाने को किसने रोका?"  भाऊ उठला आणि अब्बांच्या बाजेपुढे पाठमोरा बसला.

टेकडी तो एकटाच अब्बांना पाठीवर घेऊन चढला; मागून संदलाची मिरवणूक, तिच्यात पाटील आणि मीही. उंबऱ्याशी त्यांना उतरवलं आणि थांबला. आत जाणार नव्हता. बायकांनी आत जायचा आमच्याकडे रिवाज नाही. पाटलांनी आत न्यायला हात पुढे केला, तर अब्बांनी मान हलवली. वाटीत बोटं बुडवून उंबऱ्यालाच संदल लावला आणि म्हणाले, "पहुंच गया." मग भावाकडे वळून, "असर का वक्त हो गया. तू नमाज पढ ले, मैं बैठा हूं." भावानं बाजूला रुमाल अंथरला. डफवाल्यांनी डफ उचलले होते. अब्बांनी त्यांना हातानं थांबवलं आणि मुलाची नमाज होईपर्यंत सगळी मिरवणूक उन्हात उभी ठेवली.

भाऊ पुन्हा कधी दर्ग्यात गेला नाही. अब्बा त्याच हिवाळ्यात गेले, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. मी मागितलं होतं ते मला मिळालं नाही, आणि त्याबद्दलच मी अल्लाचे आभार मानते. मागते अजूनही; कसं द्यायचं ते मात्र त्याच्यावर सोडते.