शंका आली की उचल

“पाण्यात काय बघतोस? दोरी बघ,” असं तो माझ्यावर खेकसायचा, आणि खेकसून झालं की बाजूला थुंकायचा. त्याचं नाव सांगत नाही. साइटवर सगळे त्याला चाचा म्हणत, मीही तोंडावर चाचाच म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुबईतल्या आमच्या साइटवर तो टॉवर क्रेन चालवायचा. दापोलीकडच्या किनाऱ्यावरचा माणूस, तीस वर्षं आखातात काढलेली, मुक्काम सोनापूरच्या कामगार कॅम्पात. मी त्याच साइटचा सेफ्टी ऑफिसर, मूळचा संगमनेरचा. पट्टा लावा, हेल्मेट घाला, असं दिवसभर ओरडत फिरणाऱ्या माणसावर कुणाचंच प्रेम नसतं, हे तुम्ही कुठल्याही साइटवर पाहिलं असेल. पण चाचाचा खाक्याच वेगळा. मी खाली दिसलो की वायरलेसवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “सेफ्टी आया, काम खलास.” पट्टा न लावता शिडी चढला म्हणून मी त्याला एकदा नोटीस दिली. बूट चावत होता म्हणून त्याने ती माझ्यादेखत घडी करून बुटात घातली.

अशा माणसाबरोबर मी मासे धरायला का गेलो? त्याला खाडीवर नेणारा गाडीवाला सुट्टीवर गावी गेला होता आणि माझ्याकडे गाडी होती, म्हणून. त्याने विचारलंही नाही. “रविवारी पहाटे पाचला निघायचं, यल्ला,” एवढंच सांगून निघून गेला. बायको-मुलगी गावी, मी इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीत एकटा, रविवार नुसता खायला उठायचा. गेलो झालं.

उम्म अल क्वैनच्या खाडीत, तिवरांच्या कडेला तो उभा राहायचा. गळाचा परवाना खिशात, गुडघाभर गार पाणी, अंगात मळका स्वेटर. हिवाळ्यात बोय मासळी सुस्त होते, म्हणायचा. मोठ्या आमिषामागे धावत नाही, तोंडाशी आलं तरच चोखते. म्हणून त्याची आमिषं तांदळाच्या दाण्याएवढी. इवल्याशा गळावर करडा दोरा, कबुतराच्या पिसाचे दोन केस आणि बुडायला एक पितळेचा मणी. याला तो माशी म्हणायचा. पाण्यात ती जवळ्याच्या पिल्लासारखी दिसायची. एका गोऱ्या इंजिनिअरने परत जाताना त्याला गळाची काठी दिली होती आणि ही विद्याही.

माशी उजवीकडे टाकायची, बुडू द्यायची, भरतीच्या पाण्याबरोबर डावीकडे वाहू द्यायची. दोरी ओढायची नाही, ढिली सोडायची नाही. दोरीवर नारिंगी लोकरीची गाठ असे. बोय हिसका देत नाही. लोकर वाहता वाहता क्षणभर अडखळते, बस. “शंका आली की उचल,” चाचा म्हणायचा. “खात्री व्हायची वाट बघशील तर ती थुंकून गेलेली असते.” मी काठी उचलायला उशीर केला की माझी अक्कल, माझा तालुका आणि माझी नोकरी, तिन्हींचा उद्धार व्हायचा.

चार रविवार मी हे सोसलं. एक मासाही त्याने मला घरी नेऊ दिला नाही, सगळे कॅम्पातल्या पोरांसाठी. माशी दोरीला बांधायचं कामसुद्धा माझ्याच गळ्यात. बारीक गळाच्या भोकात दोरी घालताना मी कावून जायचो आणि तो म्हणायचा, “शीक जरा.” नोकर समजतो मला, असं वाटून मी आतल्या आत धुमसायचो.

पाचव्या रविवारी त्याची लोकर अडखळली. मला स्वच्छ दिसलं. त्याने उचललं नाही. मी सांगितलं तर म्हणाला, तळ घासला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. उजवीकडे असेपर्यंत त्याची मान लोकरीबरोबर फिरायची. लोकर डावीकडे गेली की हा समोरच बघत राहायचा. मग मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, हातभर अंतरावर, आणि हात हलवला. त्याची पापणीही हलली नाही. हाच माणूस दुसऱ्या दिवशी सळयांचे भारे लोकांच्या डोक्यांवरून नेणार होता.

परतताना गाडीत विचारलं, “चाचा, डावीकडचं दिसतं का?”

तो म्हणाला, “मेडिकल मेमध्ये आहे. आठ मजले राहिलेत. ते चढवतो आणि मीच जातो. तोवर तोंड बंद ठेव.”

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्याला कॅम्पाच्या दारात सोडलं, घरी आलो आणि आंघोळही न करता मॅनेजरला मेल लिहिली. सोमवारी सकाळी त्याला शिडीखालीच थांबवून डोळ्यांच्या तपासणीला नेलं. डॉक्टरने सांगितलं, डावी बाजू जवळजवळ गेलेली आहे, पुन्हा क्रेनवर चढायचं नाही. ज्यांच्या डोक्यांवरून ते भारे जायचे, त्याच पोरांनी मला चहा विचारणं बंद केलं. मी केलं ते बरोबरच होतं, उद्याही तेच करीन. पण त्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, याची लाज मला अजून वाटते.

दोन आठवड्यांनी त्याचा निरोप आला: शारजा विमानतळावर सोड. एवढं होऊनही मलाच. तो मागच्या सीटवर बसला, टॅक्सीत बसावं तसा. सगळ्या वाटेत एकदाच बोलला. “गप्प बसलास तेव्हा मला वाटलं, माणूस आहेस.”

गाडी लावून आम्ही चालू लागलो. बॅग मी घेऊ म्हटलं तर त्याने झिडकारलं. दहा पावलांवर त्याचा डावा खांदा एका ट्रॉलीवर आदळला, ट्रॉलीवाला बोलला काहीतरी. चाचा थांबला. माझ्याकडे न बघता त्याने डावा हात बाजूला काढला आणि तसाच धरून ठेवला. मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी तो पकडला. खरखरीत, गार हात. त्याने माझी बोटं दुखतील इतकी घट्ट धरली.

दारावरच्या माणसाने तिकीट पाहून विचारलं, “दोनों साथ में हो?”

“नहीं,” चाचा म्हणाला. “ये मेरा कोई नहीं.”

हे म्हणताना त्याने माझा हात सोडला नव्हता.