चौथ्या मजल्यावरची पोह्यांची गाडी

अंधेरी पूर्वेला आमच्या औद्योगिक वसाहतीत एक इमारत आहे. पूर्वी तिथे नटबोल्ट बनायचे, आता करिअर बनतात. चौथ्या मजल्यावर कॉलेज: डिझाइन, मीडिया आणि स्वयंपाक. स्वयंपाक म्हटलं की तिथली पोरं दुखावतात, कलिनरी आर्ट्स म्हणायचं! घसघशीत फी भरून ही मंडळी टोमॅटोचे गुलाब करायला शिकतात आणि भूक लागली की खाली उतरून सुंदराबाईचे पोहे खातात.

सुंदराबाई मूळची जालन्याकडची. फाटकाशी तिची गाडी. गरीबबिरीब काही नाही हं, चारकोपला स्वतःची खोली आहे, सून स्कूटीवर फिरते. पण डिझाइनच्या पोरांना दर सत्राला एक गरीब माणूस लागतो, त्याची एक अडचण लागते, आणि ती सोडवली की मार्क मिळतात. मग काय, बाईने पोह्यांच्या जोडीला अडचणींचंही दुकान काढलं.

"कोणत्या सरांचे रे तुम्ही?" ती आधी विचारायची. "सुबोध सरांचे? मग माझे गुडघे घ्या. त्यांना धूर आवडत नाही."

गुडघ्यांसाठी एक स्टूल मिळालं, त्यावर मांजर बसेना. उन्हासाठी पंख्याची टोपी मिळाली, ती सुनेने भंगारात घातली. मीडियाच्या पोरांनी कॅमेरा लावला की बाई असा काही डोळ्याला पदर लावायची, की दुसरा टेक लागत नसे.

या वर्षी मात्र हाव नडली. चैतन्य आणि दिशा नावाची दोघं आली, तेव्हा ही म्हणाली, "गाडीच जुनी झाली गं माझी." वाटलं, फुकटात रंग मारून मिळेल. त्यांनी शनिवारी गाडी सुटी करून वर नेली, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये वेल्डिंग करून पुन्हा उभी केली, वर मोरपंखी छत आणि दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख लावले. सोमवारी खाली न्यायला गेले, तर पंखांमुळे गाडी दारातून निघेना, आणि वेल्डिंगमुळे सुटीही होईना. एवढे डिझाइनचे मास्तर, पण दार कुणी मोजलं नव्हतं.

आता फुटपाथची रीत अशी, की ज्याचं सामान मांडलेलं त्याची जागा. बाई आली तर तिथे राजेश मोमोवाला वाफा काढतोय.

"मावशी, रिकामी होती."

"रिकामी? तुझं डोकं आहे तशी?"

"जागेवर काय नाव लिहून ठेवलंय का?"

बाई तरातरा वर गेली. "बाबांनो, माझी जागा गेली रे!" आणि रडली. आयुष्यात पहिल्यांदा त्या मजल्यावर खरं रडली.

दिशाने लगेच फोन काढला. "आजी, खूप स्ट्राँग आहे हे. परत एकदा बोलाल? इकडे उजेड बरा आहे."

सुबोध सर चष्मा पुसत म्हणाले, "आता शुक्रवारपर्यंत प्रदर्शनातच राहू दे, मग भिंत फोडायचं बघू. आणि जागा म्हणजे महापालिकेचा विषय. आम्ही वस्तूंवर काम करतो."

शुक्रवारपर्यंत राजेश तिथे मुळं धरणार, हे बाईला पक्कं ठाऊक. तिने डोळे पुसले आणि आवाजात गूळ घातला.

"माझं राहू द्या हो सर. पण त्या राजेशची गाडी बघवत नाही. घरी आजारी आई, तीन बहिणी लग्नाच्या..."

राजेशला बहीण नाही. आई गावी सरपंच आहे.

"दोन गाड्या!" सर उभेच राहिले. "चैतन्य, अरे सिरीज होईल!"

राजेशची समजूत घालावी लागली नाही. मोरपंखी छताची बातमी कळल्यापासून त्याचा जीव जळतच होता. दुपारच्या आत त्याची गाडी सुटी होऊन लिफ्टमध्ये चढली, आणि मोमोचं पातेलं छातीशी धरून तोही मागोमाग गेला.

खाली बाईने तेलाचे दोन डबे उलटे मांडले, वर फळी टाकली, स्टोव्ह पेटवला.

मी म्हटलं, "बाई, तो गाडी घेऊन उद्या खाली आला म्हणजे?"

"येईल कसा?" ती कांदा चिरता चिरता म्हणाली. "दिशाला सांगून आलेय, त्याला माझ्यापेक्षा मोठे पंख लाव."